पश्चिमेची खिडकी

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

वजन १३८० ग्रॅम. काल १३६५ होतं.

एनआयसीयूच्या सिस्टर म्हणाल्या, रोजचं वजन लिहून ठेवत जा, आकडा वाढताना दिसला की माणूस तग धरतो. म्हणून कारखान्यातून नव्या वर्षाला मिळालेली डायरी आज काढली. जानेवारीची पानं कोरीच राहतील. अठरा जानेवारीला उज्वलाचं बीपी एकदम वाढलं, डॉक्टरांनी घाईने सिझेरियन केलं आणि आमची मुलगी दहा आठवडे आधी जन्माला आली. बाराशे चाळीस ग्रॅम. तेव्हापासून ती काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी.

मला दिवसातून एकदा आत सोडतात. कोपरापर्यंत हात धुवायचे, गाऊन घालायचा आणि एक बोट तिच्या पायाला लावायचं. पंजा नाही, एकच बोट. उज्वला दूध द्यायला दोनदा जाते. तिचे टाके अजून दुखतात. सासूबाई दिंडोरीहून येऊन राहिल्या आहेत म्हणून घरात वेळेवर जेवण तरी होतंय.

मला करण्यासारखं एकच काम उरलंय, ते म्हणजे खोली. पाथर्डी फाट्याच्या या फ्लॅटची मागची खोली बाळासाठी ठेवायची, हे आमचं आधीच ठरलं होतं. तिला पश्चिमेकडे मोठी खिडकी आहे. दुपारी दोनला ऊन आत येतं ते मावळेपर्यंत हलत नाही. दवाखान्यात पेटीवर जाड कापड टाकून ठेवतात, कारण इतक्या लवकर आलेल्या बाळांना झगझगीत उजेड सोसत नाही. तेव्हा आधी पडदे, मग दिवे.

मी ओझरला विमानाच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. अकरा वर्षं एकच काम करतोय. प्रत्येक भागाला एक कार्ड, कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख. तारीख उलटली की तो भाग विमानाला लागत नाही, मग तो कितीही चांगला दिसो. नीटनेटकं काम मला जमतं. खोलीही नीट करीन.

८ फेब्रुवारी, शनिवार

१४२० ग्रॅम!

उज्वला पहिल्यांदाच दवाखान्याशिवाय दुसरीकडे कुठे आली. शालिमारला पडद्यांच्या दुकानात गेलो. तिला पिवळ्या कापडावर बदकं असलेला पडदा हवा होता. मी म्हटलं, त्यातून ऊन आरपार येईल. दुकानदाराने काळं अस्तर लावलेलं कापड टेबलावर पसरलं आणि म्हणाला, "साहेब, हे ब्लॅकआउट. भर दुपारी अमावस्या."

"बाळाला अमावस्या कशाला?" उज्वला म्हणाली.

"झोपेल तरी."

"दिवसभर झोपलेलीच असते ती. तिला काहीतरी बघायला नको का?"

शेवटी करड्या-निळ्या रंगावर बारीक पांढऱ्या चांदण्या आणि मागे काळं अस्तर, असं ठरलं. चांदण्या तिच्या, अस्तर माझं. बाहेर आल्यावर ती हसली. महिन्यात पहिल्यांदा. म्हणाली, "अहो, आपण अजून तिला मांडीवर नीट घेतलंही नाही आणि पडद्यावरून भांडतोय."

दिवा उघडा नको, असं मी ठरवलंय. भिंतीवर लाकडी पट्टी, तिच्यामागे मंद पिवळी एलईडी. उजेड छताकडे जावा, बाळाच्या डोळ्यांत पडू नये.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम दर गुरुवारी दवाखान्यात येतात. आज बाळाची पहिली तपासणी झाली. थेंब घातले, पापण्यांना बारीक क्लिपा लावल्या आणि बाळ किंचाळलं. तिचा एवढा मोठा आवाज मी प्रथमच ऐकला. उज्वलाने कान झाकून घेतले, तिला बाहेर नेऊन बसवलं. मीही दाराशीच उभा होतो.

मॅडम म्हणाल्या, "डोळ्याचा आतला पडदा अजून पूर्ण वाढलेला नाही. कमी दिवसांच्या बाळांचा असतोच. आत्ता घाबरण्यासारखं काही नाही, पण दर आठवड्याला बघावं लागेल. पुढच्या गुरुवारी, वीस तारखेला."

सिस्टरने कार्डावर तारीख लिहिली. बाहेर येऊन उज्वलाला सांगितलं, डोळे चांगले आहेत. ती मंदिरात असल्यासारखी हात जोडून बसली.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाळ घरी आलं. १६६० ग्रॅम.

सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग मागच्या खोलीत गेल्या आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. "जावईबापू, येवढ्या उन्हात लेकरू ठेवायचं? आम्ही द्राक्षाच्या घडालासुद्धा कागद बांधतो."

खरंच आहे. पाळणा आला, पडदे नाहीत. पडदे शिवून तयार आहेत, पण ते लावणारा लहानू म्हणून जो माणूस आहे, त्याला लग्नसराईमुळे वेळ नाही. गुरुवारी येतो म्हणाला. तोवर खिडकीला सासूबाईंचं लुगडं बांधलंय. ते सारखं सुटतं. आज ऊन थेट बाळाच्या तोंडावर आलं तेव्हा मी जेवणाच्या ताटावरून उठलो.

मला वाटलं होतं ती घरी आली की भीती जाईल. उलट आता बाळ माझ्या हातात आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

झाले एकदाचे पडदे!

लहानू सकाळी अकराला शिडी घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, तोंडात पेन्सिल. भिंतीला ड्रिल मारताना धूळ उडेल म्हणून बाळाला सासूबाईंकडे पुढच्या खोलीत दिलं. रॉड एका बाजूला दोन सूत खाली होता, तो मी परत काढायला लावला. मग मी स्वतः शिडीवर चढून दिव्याची पट्टी बसवली.

आज डोळ्यांची तपासणी होती. पण लहानू आज गेला असता तर होळीपर्यंत आला नसता. पहिली तपासणी चांगलीच आली होती. पुढच्या गुरुवारी नेऊ.

मध्येच उज्वलाचा फोन वाजला, ती गॅलरीत जाऊन बोलली. कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, "कुणी नाही. कसलीतरी कंपनी."

चार वाजता मी पडदे ओढले आणि मागचा दिवा लावला. खोली सायीसारखी झाली. बाळाने एक जांभई दिली. लग्नानंतर एवढं समाधान मला कशानेच झालं नव्हतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

निघण्याआधी कारखान्यातून दवाखान्यात फोन केला. मॅडम आज परगावी आहेत, शनिवारी त्यांच्या कॉलेज रोडच्या दवाखान्यात आणा, असं तिथली बाई म्हणाली. शनिवारी माझी ड्यूटी आहे आणि जानेवारीत रजा सगळी संपली, साहेब सवलत देतात ती गुरुवारपुरतीच. उज्वलाला विचारलं, तू आईंना घेऊन रिक्षाने जाशील का? ती लगेच म्हणाली, "पुढच्या गुरुवारी तुम्ही असताना जाऊ. त्या क्लिपा मला बघवत नाहीत."

बरोबर आहे. तिचं अंग अजून भरलेलं नाही.

सासूबाई उगाच काहीतरी बोलतात. "पोरगी उजेडाकडं मान वळवत नाय." मी समजावलं, आई, पोटातले दिवस धरले तर तिचा जन्म अजून व्हायचाय. त्या गप्प बसल्या. पटलं असावं.

६ मार्च, गुरुवार

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

मॅडम बराच वेळ बघत होत्या. उजवा डोळा, मग डावा, मग परत डावा. मग डोक्यावरचा दिवा बंद केला आणि कार्ड मागितलं.

"यावर वीस फेब्रुवारी लिहिलंय."

"हो. मध्ये जरा..."

"आज सहा मार्च आहे."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "डोळ्याच्या आतल्या पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात. त्या पडद्याला ओढतात. पडदा सुटला की दृष्टी जाते. दोन्ही डोळ्यांना आहे, डाव्याला जास्त. उद्या सकाळी लेझर करायचं. उद्याच."

"वेळेत आलो असतो तर?"

त्यांनी कार्ड माझ्यासमोर ठेवलं. "ते आता विचारू नका."

उज्वला दूध काढायच्या खोलीत होती. तिला सांगितलं की कमी दिवसांच्या बऱ्याच बाळांना लेझर करावं लागतं, साधी गोष्ट आहे. तिने एकही प्रश्न विचारला नाही. तिचा माझ्यावर किती विश्वास आहे! कार्ड मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. ते तिच्या हातात पडता कामा नये.

दोन आठवडे. मी खिडकीचे पडदे लावत बसलो होतो.

७ मार्च, शुक्रवार

दीड तास लागला. बाहेर आणली तेव्हा डोळे सुजून लाल झाले होते. आवाज बसला होता.

१० मार्च, सोमवार

कामावरून आलो तर पडदे जमिनीवर पडलेले. रॉडसकट. उज्वलाने स्टुलावर चढून एकटीने काढले. टाक्यांची बाई! मी ओरडलो. ती म्हणाली, "खोलीत गुदमरतं."

"मग एक बाजूला करायचा. काढायचा कशाला?"

"मला नकोत ते पडदे. घरातच नकोत."

अस्तरामुळे अंधार फार झाला असेल. दोष माझाच आहे, अस्तराचा हट्ट धरला आणि हवेचा विचार केला नाही. उद्या दुकानात जाऊन हलकं काहीतरी बघतो. वर गुंडाळता येणारा पडदा मिळतो, त्यातून उजेड गाळून येतो.

१३ मार्च, गुरुवार

उजवा डोळा शांत होतोय. डावा नाही. उद्या डाव्या डोळ्यात इंजेक्शन.

घरी येताना प्रत्येक चौकात होळीची लाकडं रचलेली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा उज्वलाने बाळाच्या चेहऱ्यावर ओढणी टाकली. म्हटलं, धूर नाहीये अजून. ती म्हणाली, "माहितीये."

१६ मार्च, रविवार

गुंडाळायचा पडदा आणला. मोतिया रंगाचा. लहानूला बोलावलं. तो दारात चपला काढतच होता, तेवढ्यात उज्वला आतून आली आणि त्याच्या अंगावर ओरडली, "या माणसाला माझ्या घरात आणू नका! परत याचं तोंड दाखवू नका मला!"

लहानू बिचारा शिडी खांद्यावर घेऊन तसाच मागे फिरला. जिन्यात मी माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, काही चुकलं का माझं? रॉड तर लेव्हलमधी होता."

त्याचं काय चुकलं? मला खरंच कळत नाही. उज्वला अशी नव्हती. तिला एवढं सगळं सोसावं लागतंय आणि खरं तर तिला काहीच माहीत नाही. माहीत झालं तर काय होईल?

पडदा मीच बसवला. वाकडा बसला. मी काढून परत बसवला. परत वाकडा.

१८ मार्च, मंगळवार

घरात आता अकरा प्रकारचे बल्ब आहेत. पांढरा, पिवळा, तीन वॉटचा, पाचचा, मंद करायच्या बटणाचा. मी एकेक लावतो आणि बाळाच्या तोंडाकडे बघतो. पापण्या हलल्या का? मान हलली का? कधी वाटतं हलली. मग तोच बल्ब परत लावतो तेव्हा हलत नाही.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "जावईबापू, दिवा बदलून डोळा बदलतो का?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

कारखान्यात आज एका लॉटवर मी सही करू शकलो नाही. सगळं बरोबर होतं. तारखा बरोबर, मापं बरोबर. तीनदा तपासलं. पेन टेकवलं की हात थांबायचा. साहेब म्हणाले, वाल्मीक, घरी जा, मी बघतो. बसमध्ये खिशातलं कार्ड काढून वाचलं. वीस फेब्रुवारी. सिस्टरचं अक्षर सुंदर आहे.

२० मार्च, गुरुवार

डाव्या डोळ्याचा पडदा सुटायला लागला. मॅडमनी स्वतः मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात फोन केला. सोमवारी ऑपरेशन. "आशा किती?" विचारलं. म्हणाल्या, "प्रयत्न करण्याइतकी."

तीन किलोसुद्धा नसलेल्या जीवाला पूर्ण भूल देणार. उज्वलाने कपड्यांची पिशवी भरली. दुपटी मोजून ठेवली, मग सगळी काढली आणि परत मोजली. मी मदत करायला गेलो तर म्हणाली, "तुम्ही नका. तुम्ही आधीच सगळं करताय."

हे वाक्य मला कार्डापेक्षा जड झालंय.

२४ मार्च, सोमवार, मुंबई

सकाळी आठला बाळाला आत नेलं. सिस्टरने दुपट्यासकट उचललं आणि दार बंद झालं. बाहेर लोखंडी खुर्च्या, समोर पांढरी भिंत. शेजारी उज्वला, दुसरं कुणी नव्हतं. दहा वाजले, साडेदहा वाजले. मला एकदम वाटलं, बाळ आतून परत आलं नाही तर हिला मी आयुष्यभर खोटं सांगत राहणार. मी खिशातून कार्ड काढलं आणि उज्वलाच्या मांडीवर ठेवलं.

"वीस तारीख होती," मी म्हणालो. "मला माहीत होतं. लहानू येणार होता म्हणून मी नेलं नाही. मी सांगितलं तसं साधं काही नव्हतं. मी खोटं बोललो. वेळेत गेलो असतो तर कदाचित..."

तिने कार्डाकडे पाहिलंही नाही. समोरच्या भिंतीकडेच बघत म्हणाली, "मला फोन आला होता."

"कसला?"

"त्याच दिवशी. तुम्ही शिडीवर होतात. दवाखान्यातली बाई म्हणाली, अजून आला नाहीत, मॅडमनी सांगितलंय टाळू नका, दुपारी तीनपर्यंत आहेत त्या. मी म्हटलं, घरात पडद्यांचं काम चाललंय, पुढच्या गुरुवारी येतो. सत्तावीसला परत फोन आला. शनिवारी नक्की आणा म्हणाली. मी हो म्हटलं आणि तुम्हाला सांगितलं नाही."

"का?"

"ती किंचाळते ते मला ऐकवत नव्हतं." आता तिचा आवाज फुटला. "एवढंच कारण आहे. दुसरं काही नाही. मला ऐकवत नव्हतं म्हणून मी तिला नेलं नाही. आणि तुम्ही रोज नवा बल्ब घेऊन यायचात. मला वाटायचं, या माणसाला कळलं तर हा मला घरातून काढेल आणि तेच बरोबर होईल."

तीन आठवडे आम्ही एका घरात, एका पाळण्याच्या दोन बाजूंना उभे होतो.

मी तिला "तुझी चूक नाही" म्हणालो नाही. तिनेही मला म्हटलं नाही. खोटं ठरलं असतं. तिने माझा हात धरला, तो एक वाजेपर्यंत सोडला नाही. बोटं बधिर झाली. दार उघडलं तेव्हाच सोडला.

२६ मार्च, बुधवार

पडदा थोडासा जागेवर आलाय. दिसेल का, यावर डॉक्टरांनी मान हलवली. ती हो म्हणून नव्हती.

३० मार्च, रविवार

पाडवा. घरी आलो आहोत. गुढी सासूबाईंनी उभारली. मला आणि उज्वलाला उठवून पाया पडायला लावलं. म्हणाल्या, "येवढे दिवस तुमी दोघं येकमेकांशी नीट बोलत नव्हता, म्या बघत होते. आता बोलता का नाय?" उज्वलाने त्यांना सगळं सांगितलं. त्या बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यांचाही हक्क आहे.

मोतिया पडदा मी काढून टाकला. खिडकी उघडी आहे. बाळाला दुपारी पुढच्या खोलीत ठेवतो.

४ एप्रिल, शुक्रवार

आज कारखान्यात सही केली. एकाच लॉटवर. मग स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं.

१० एप्रिल, गुरुवार

आज नाशिकच्या मॅडमकडे तपासणी. उजव्या डोळ्याचा पडदा चांगला आहे. जाड चष्मा लागेल, पण दिसेल. डाव्या डोळ्याने दिसणार नाही. मॅडम स्पष्ट म्हणाल्या, "आता त्याबद्दल आशा लावून बसू नका. उजवा सांभाळा. कुठलीही तारीख चुकवायची नाही." उज्वलाने मान हलवली. मला वाटलं होतं ती कोसळेल. मीच भिंतीला टेकलो.

औषधं घेऊन बाहेर येतोय तर बाकावरून एक जोडपं उठत होतं. माणूस तिशीचा, हातात कार्ड. बायकोच्या छातीशी तांबड्या टॉवेलात गुंडाळलेलं एवढंसं बाळ. तो रिसेप्शनच्या बाईला सांगत होता, "अजून तासभर लागंल म्हणता. आमची नांदगावची बस चुकंल. पुढल्या गुरुवारी आणतो की. पोरगं तर गुटगुटीत व्हायलंय."

बाई म्हणाली, "अहो, थांबा, नंबर लागेल."

"नाय, जातो. पुढल्या गुरुवारी नक्की."

ते दारापर्यंत गेले होते. मी जाऊन दारात उभा राहिलो. त्याला वाटलं मला आत जायचंय, तो बाजूला झाला. मी हललो नाही.

"दादा, आत बसा," मी म्हणालो.

"बस हाय आमची."

"बस चुकू द्या."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी दवाखान्यातले का?"

"नाही. माझ्या पोरीला वीस फेब्रुवारीला आणायचं होतं, मी सहा मार्चला आणलं. पुढच्या गुरुवारी म्हणत म्हणत." माझा आवाज मोठा झाला असावा, कारण सगळे बघायला लागले. हे सगळं मी आजवर एका माणसाला सांगितलं होतं, तेही भिंतीसमोर बसून. आता वीस जणांसमोर सांगत होतो. "घरात पडदे लावायचे होते म्हणून. तिचा एक डोळा गेला. तुमची बस मी बघतो. पोराला आत न्या."

त्याच्या बायकोनेच आधी पाठ फिरवली आणि ती बाकावर जाऊन बसली. तो उभाच राहिला, मग तिच्याजवळ जाऊन बसला. त्याचं नाव खंडेराव. उज्वला त्या बाईशेजारी बसली आणि तिला म्हणाली, "क्लिपा लावतील तेव्हा ओरडेल. ओरडू दे. कान झाकू नकोस."

तासाच्या जागी दीड तास लागला. आतून ओरडण्याचा आवाज आला तेव्हा उज्वलाने त्या बाईचा दंड घट्ट धरून ठेवला होता आणि स्वतः डोळे मिटले होते. मॅडम म्हणाल्या, आत्ता ठीक आहे, पुढच्या गुरुवारी पुन्हा. मी खंडेरावचा फोन नंबर घेतला. बुधवारी फोन करणार. उचलला नाही तर गुरुवारी पहाटे नांदगावला जाणार, हे त्याला सांगूनही ठेवलं. तो हसला नाही. "करा," म्हणाला.

त्यांची बस गेली होती, म्हणून गाडीने स्टँडवर सोडलं. पुढची बस लागली. खिडकीतून खंडेरावने विचारलं, "मग आता तुमच्या लेकीला दिसत नाय का?"

मी उत्तर देणार होतो, एक डोळा गेला. तेच शब्द तोंडात होते. उज्वला माझ्याआधी म्हणाली, "एकाने दिसतं. काल माझी लाल ओढणी हलवली तर बघत होती. मी डावीकडे नेली तर मान वळवून बघितली."

मला हे माहीत नव्हतं. काल मी कामावर होतो.

"मला का सांगितलं नाहीस?" बस गेल्यावर मी विचारलं.

"खात्री नव्हती. आज सकाळी परत केलं, परत बघितलं तिने."

घरी जाताना ती म्हणाली, शालिमारला गाडी घ्या. उन्हाने खोली तापते, पडदा तर लागेलच. आणि लहानूभाऊंना बोलवा, मला त्यांची माफी मागायची आहे. मी दुकानात मागे उभा राहिलो. यावेळी मला काही सुचवायचं नव्हतं. तिने फुलांचे, चांदण्यांचे, सगळे तागे बाजूला सारले आणि लाल रंगाचा एकच तागा काढायला लावला. बिनफुलांचा, भडक, लग्नाच्या मांडवाला लावतात तसा. बाळाला उजव्या खांद्याकडे वळवून घेतलं आणि कापड तिच्यासमोर धरून हळूच हलवलं. दुकानदारही थांबून बघायला लागला. बाळाने बघितलं. मी पाहिलं तिने बघितलेलं.

"वहिनी, बाळाच्या खोलीला लाल?" दुकानदार म्हणाला. "एवढ्या लालमध्ये झोप नाही लागायची तिला."

"जागी राहू दे," उज्वला म्हणाली.